जुन्या बातम्यांतला जामीन: कोणी कोणाला दिला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका वाचकाला घरच्या ट्रंकेत १९३८ सालच्या मराठी वर्तमानपत्राचं कात्रण सापडलं. बातमी तीन ओळींची. त्यांच्या पणजोबांसह सहा जणांकडून प्रत्येकी दोनशे रुपयांचा जामीन आणि तितक्याच रकमेचा मुचलका, मुदत एक वर्ष, ‘घेण्यात आला’. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: पणजोबांनी गुन्हा काय केला होता, त्या काळी दोनशे रुपये आणले कुठून, आणि कोर्ट जामीन देतं तर इथे ‘घेतला’ असं का छापलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची दोन उत्तरं त्यातूनच निघतात.

आज आपण ‘कोर्टाने जामीन दिला’ म्हणतो. देणारं कोर्ट, घेणारा आरोपी. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात तर ‘बेल झाली’, ‘बेल फेटाळली’ एवढ्यावर काम भागतं. पण हा अर्थ नवा आहे. जुन्या मराठीत जामीन म्हणजे आधी माणूस. ‘अमुक तमुकास जामीन राहिला’ म्हणजे त्याच्यासाठी तो उभा राहिला, त्याने हमी घेतली. नंतर त्या माणसाने दिलेली हमी म्हणजे जामीन. दोन्हींत दिशा एकच: जामीन आरोपीकडून सरकारकडे जातो. आरोपी जामीन देतो, सरकार घेते. हमी देणाऱ्या माणसासाठी ‘जामीनदार’ हा वेगळा शब्द पक्का रुळला, तसा ‘जामीन’ हा शब्द मोकळा होत गेला आणि हळूहळू कोर्टाच्या हुकमालाच चिकटला. त्यामुळे ‘जामीन दिला’ हे दोन शब्द १८९० मधल्या बातमीत आले तर आरोपीने हमीदार उभा केला असा अर्थ असू शकतो, आणि आजच्या बातमीत आले तर कोर्टाने सुटकेचा हुकूम केला असा. मधल्या काळात दोन्ही प्रयोग शेजारीशेजारी नांदतात, कधीकधी एकाच अंकात.

म्हणून माझ्याकडे जुनी कात्रणं घेऊन कोणी आलं की मी आधी क्रियापद बघतो आणि मग त्याचा कर्ता शोधतो. कोणी दिला, कोणाकडून घेतला, कोणी मागितला, कोणी नाकारला. मराठी बातमीदार कर्ता गाळायला मोकळा असतो आणि त्याने तो सर्रास गाळलेला असतो. ‘जामीन नाकारला’ हे सगळ्यात फसवं. कोर्टाने अर्ज फेटाळला, की आरोपीनेच जामीन द्यायचं नाकारलं? सत्याग्रहाच्या वर्षांत दुसरी शक्यता अगदी खरी असते. चंपारणात १९१७ साली गांधींनीच जामीन देण्याचं नाकारलं होतं आणि मॅजिस्ट्रेटने त्यांना जामिनाशिवाय सोडलं. पुढे १९३० आणि १९४२ मधले अनेक जण हमी लिहून देणं म्हणजे सरकारला शब्द देणं, असं मानून ती द्यायला तयार नसत. अशा माणसाबद्दल ‘जामीन नाकारल्याने तुरुंगात रवानगी’ असं छापलेलं असेल, तर आजचा वाचक त्याचा अर्थ बरोबर उलटा लावतो.

आता तुमचं कात्रण. त्यात एक शब्द सगळं सांगून जातो, तो म्हणजे ‘एक वर्ष’.

खटला चालू असताना सुटण्यासाठी जो जामीन असतो, त्याला वर्षाची मुदत नसते. तो तारखेला हजर राहण्यासाठी असतो आणि खटला संपेपर्यंत चालतो. वर्षाची मुदत असलेला जामीन हा वेगळाच प्रकार आहे: शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात तो होता, कलम १०६ ते ११०. १९७३च्या संहितेतही तो आठव्याच प्रकरणात आणि त्याच कलमांत राहिला. पोलिस ठाण्यात आजही जिला ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती हीच. चॅप्टर म्हणजे हा आठवा चॅप्टर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा मजकूर नवव्या प्रकरणात गेला, कलमं १२५ ते १२९ झाली, तरी नाव काही बदललं नाही. गणपतीच्या आधी पुण्यात कोणाकोणाच्या घरी नोटीस जाते ती बघा. एसीपी साहेब विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून विचारतात, ‘तुमच्याकडून एक वर्ष मुदतीचं अमुक रकमेचं बंधपत्र का घेऊ नये?’ वाक्य थेट तुमच्या कात्रणाच्या कुळातलं आहे. ‘का घेऊ नये’ म्हणजे घेणार सरकार, देणार तुम्ही.

या प्रकरणातली कलमं वेगवेगळी आहेत आणि मुदतीवरून थोडा अंदाज बांधता येतो. १०७ हे शांतताभंगाची भीती असलेल्यांसाठी, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. १०८ हे राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्यांसाठी, तिथेही एक वर्ष. १०९ हे लपतछपत फिरणारे किंवा चरितार्थाचं साधन सांगू न शकणारे यांच्यासाठी, तेही एक वर्ष. ११० हे सराईतांसाठी आणि तिथे मुदत तीन वर्षांपर्यंत जाते. १०६ मात्र शिक्षा झाल्यावर, शिक्षेसोबत घ्यायच्या मुचलक्याचं आहे. तेही तीन वर्षांपर्यंत.

तुमच्या बातमीत सहा जण एकदम आहेत, रक्कम सगळ्यांना सारखी आहे, मुदत एक वर्ष आहे आणि दंडाचा किंवा कैदेचा उल्लेख नाही. एवढ्यावरून मी १०७ म्हणेन. दोन तटांची भांडणं, भाऊबंदकी, वाड्याचा ताबा, मिरवणुकीचा मान, शेताचा बांध असं काहीतरी. त्याच महिन्यातल्या अंकांत दुसऱ्या तटाच्या पाच-सात जणांकडूनही असाच जामीन घेतल्याची ओळ सापडली तर शंकाच नको, कारण मॅजिस्ट्रेट बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना बांधून टाकतो. १०७ मध्ये गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, तो होण्याची शक्यता पुरते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पणजोबांना शिक्षा झाली असं या बातमीवरून म्हणता येत नाही. गुन्हा केला असंही म्हणता येत नाही. त्यांनी वर्षभर शांत राहायचं लिहून दिलं, इतकंच.

दोनशे रुपयांचंही तसंच. ते बहुधा कोणी मोजलेच नाहीत. मुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेलं बंधपत्र, म्हणूनच त्याला जातमुचलका असंही म्हणतात: मी अटी मोडल्या तर दोनशे रुपये सरकारला देईन. जामीन म्हणजे दुसऱ्या माणसाने तेच लिहून देणं: याने अटी मोडल्या तर मी देईन. दोन्ही कागदी वचनं. वर्ष शांततेत गेलं की कागद आपोआप निकामी. अट मोडली तरच ती रक्कम जप्त करायची कारवाई, जुन्या संहितेत कलम ५१४ खाली. रोख रक्कम भरायची सोय कलम ५१३ मध्ये होती, पण चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राला ती चालत नसे. तिथे माणूसच जामीन हवा, कारण सरकारला पैशापेक्षा त्या माणसावर डोळा ठेवणारा कोणीतरी प्रतिष्ठित गावकरी बांधून घ्यायचा होता. तुमच्या बातमीत जामीनदाराचं नाव असेल तर ते जपून ठेवा. तो घरचा जवळचा माणूस असणार, मामा, सासरे, नाहीतर ज्यांच्याकडे पणजोबा कामाला होते ते.

याच प्रकारातली दुसरी एक बातमी लोकांना फार घाबरवते: ‘जामीन न दिल्याने एक वर्ष कैद’. ही शिक्षा नव्हे. मॅजिस्ट्रेटने हमी मागितली, माणसाकडे उभं राहणारं कोणी नव्हतं, म्हणून हमीच्या मुदतीइतका तो तुरुंगात. हमीदार मिळाला की त्याच दिवशी सुटका. गरीब, परगावचा, जातीतून बाहेर पडलेला माणूस यात हटकून अडके. १०९ आणि ११० खालच्या बातम्या ओळीने वाचल्या की कोणाला जामीन मिळत नसे हे चांगलंच दिसतं, आणि मला विचाराल तर त्या काळच्या समाजाबद्दल अग्रलेखांपेक्षा या बारीक टायपातल्या ओळी जास्त सांगतात.

हा फरक एकाच माणसाच्या चरित्रात बघायचा असेल तर टिळकांचं उदाहरण पुण्यातल्या वाचकाला सगळ्यात जवळचं. २७ जुलै १८९७ रोजी त्यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. जामिनाचे आधीचे प्रयत्न फसले आणि शेवटी हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडलं. त्या अर्जासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. २४ जून १९०८ रोजी पुन्हा अटक, पुन्हा राजद्रोह. जामिनाचा अर्ज या वेळी चालवला बॅरिस्टर जिना यांनी, आणि तो ऐकायला न्यायासनावर बसलेले होते तेच दावर. त्यांनी तो फेटाळला. खटला १३ जुलैला उभा राहिला आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. या दोन्ही बातम्यांतला जामीन आजच्या अर्थाचा: खटल्याआधीच्या सुटकेचा.

आता १९१६. होमरूलसाठी बेळगाव आणि अहमदनगरला दिलेल्या तीन भाषणांबद्दल, नेमकी षष्ट्यब्दीच्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांच्या हाती नोटीस पडली. पुण्याचे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट हॅच यांनी ऑगस्टमध्ये हुकूम केला: वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन, मुदत एक वर्ष. हे कलम १०८. इथे खटला नाही, अटक नाही, सुटका नाही. सरकार टिळकांकडून ‘जामीन मागत’ होतं. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. या वेळीही वकील जिना. १९०८चा आणि १९१६चा अंक शेजारी ठेवून वाचा. एकीकडे टिळकांना जामीन मिळत नाही, दुसरीकडे टिळकांकडे जामीन मागतात. १९१६च्या बातमीवर ‘टिळकांना जामीन’ असा मथळा आज कोणी दिला तर त्याला हुकूम कळलेलाच नाही.

छापखान्यांचा जामीन हा आणखी तिसरा. १९१०च्या प्रेस अ‍ॅक्टाखाली नवीन छापखाना काढणाऱ्याला पाचशे ते दोन हजार रुपयांची अनामत ठेवावी लागे. आक्षेपार्ह मजकुराबद्दल ती एकदा जप्त झाली की पुढची रक्कम दहा हजारांपर्यंत जाई. ही खरोखरची ठेव होती, कागदी वचन नव्हे. हा कायदा १९२२ साली रद्द झाला, पण १९३१ मध्ये त्याच तऱ्हेचा दुसरा आला. मराठी पत्रं या ठेवीलाही बिनदिक्कत ‘जामीन’ म्हणत. त्यामुळे एखाद्या संपादकाच्या नावापुढे ‘जामीन जप्त’ असं वाचलंत तर तो कोर्टातून पळून गेला असं समजू नका. त्याने काहीतरी तिखट छापलं होतं.

आणि दिवाणीतला जामीन राहिलाच. निकालाआधी प्रतिवादी मुलूख सोडून जाईल अशी भीती असली तर त्याला पकडून आणून हजर राहण्याबद्दल हमी घेता येते, ही तरतूद १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आहे. एकोणिसाव्या शतकात कर्जापायी अटक ही रोजचीच गोष्ट होती. १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, त्यानंतर १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापोटी, म्हणजे कर्जवसुलीच्या दिवाणी निकालापोटी, कैदेत टाकणं बंद झालं. तेव्हा त्याआधीच्या बातमीत शेतकरी ‘अटकेत’ आणि कोणी त्याला ‘जामीन राहिला’ असं दिसलं तर ते फौजदारी असेलच असं नाही. बहुतेकदा मागे सावकाराची वही असते.

पेशवाईतल्या कागदांत हा गोंधळ कमी आहे, कारण तिथे शब्दच वेगळे होते. माणसाला हजर करण्याची हमी म्हणजे हाजीरजामीन, वर्तणुकीची हमी म्हणजे फैलजामीन, पैशाची म्हणजे मालजामीन. तीन कामं, तीन नावं. इंग्रजी अमदानीत इंग्रजीतले दोन-तीन वेगवेगळे शब्द मराठीत एकट्या ‘जामीन’वर लादले गेले आणि तो बिचारा सगळी ओझी वाहत राहिला. कलम १०७ किंवा ११० च्या बातम्यांना फैलजामीन म्हणत राहिलो असतो तर तुम्हाला हा प्रश्न पडला नसता.

तुम्ही पुढे इंग्रजी पत्रंही चाळणार म्हणताय, तर तिकडचे दोन-तीन खड्डे सांगून ठेवतो. ‘अ‍ॅडमिटेड टू बेल’ म्हणजे जामीन मंजूर झाला, पण माणूस बाहेर आलाच असं नाही. जामीनदार उभा राहायचा बाकी असतो. हे आजही तसंच आहे: दुपारी हुकूम झाला, पण जामीनदाराचे कागद, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, तपासून ‘आरोपीला किती वर्षं ओळखता’ हे विचारून होईपर्यंत संध्याकाळ होते, आणि सुटकेचा मेमो येरवड्याला वेळेत पोचला नाही तर ती रात्र आतच. ‘एन्लार्ज्ड ऑन बेल’ म्हणजे नुसतं सोडलं, त्यात काही वाढवलेलं नाही. ‘हेल्ड टू बेल’ मधल्या ‘हेल्ड’वरून कोठडी समजतात, पण त्याचा अर्थ हमी द्यायचा हुकूम झाला. अमेरिकेतल्या जुन्या पत्रांत दारू पिऊन दंगा केलेल्याने ‘बेल फॉरफिट’ केल्याच्या ओळी ढिगाने सापडतात. तिथे पाच-दहा डॉलर ठेवून घरी जायचं, तारखेला यायचंच नाही, पैसे सरकारजमा आणि प्रकरण मिटलं, अशी रीत होती. तो फरार नव्हे, व्यवहारात दंडच.

स्कॅन केलेल्या अंकांत शोध घेताना ‘बेल’ टाकू नका. इंग्रजीत क्रिकेटच्या यष्टीवरच्या बेल्स येतील, मराठीत श्रावणातला बेल, आणि यंत्राने मात्रा चुकीची वाचली तर खडकी बाजारातले बैल. ‘मुचलका’ टाका. तो शब्द कोर्टाबाहेर कुठेच भेटत नाही, त्यामुळे कचरा कमी येतो. ‘जामीन’ हे ‘जामिनावर’, ‘जामिनाची’, ‘जामीनकी’ अशा सगळ्या रूपांत शोधावं लागतं.

काळ ओळखायची एक खूणही घ्या. ‘अटकपूर्व जामीन’ हा स्वतंत्र कलमाचा हक्क १९७३च्या संहितेने आणला, ती लागू झाली १ एप्रिल १९७४ला. विधी आयोगाने १९६९च्या एकेचाळिसाव्या अहवालात त्याची शिफारस केली होती. मुदतीत आरोपपत्र आलं नाही म्हणून मिळणारा जामीनही त्याच संहितेतला. तेव्हा घराण्याच्या इतिहासात कोणी ‘आजोबांनी बेचाळीसच्या चळवळीत अटकपूर्व जामीन घेतला होता’ असं लिहिलेलं असेल, तर ते नंतर कोणीतरी आपल्या काळच्या भाषेत लिहिलंय.

तुमच्या कात्रणापुरतं पुढचं काम असं. बातमीची तारीख घेऊन तिच्या आधीचे दोन महिने चाळा, कारण १०७ मध्ये आधी नोटीस, मग चौकशी, मग हुकूम. भांडणाची मूळ बातमी मागे असते. ‘ज्ञानप्रकाश’ त्या काळात पुण्यात रोज निघत होता आणि स्थानिक कोर्टाच्या बारीकसारीक बातम्या द्यायचा, तेव्हा ‘केसरी’सोबत तोही बघा. मग हुकमानंतरचं वर्ष बघा. मुचलका जप्त झाल्याची किंवा वरच्या कोर्टाने हुकूम फिरवल्याची ओळ नसेल, तर पणजोबांनी वर्ष शांततेत काढलं असं धरून चालायला हरकत नाही.